चार तास चालणारी बॅटरी

ताई,

परवा तुझी तेरवी झाली. पंगतीला तुझ्या शाळेतल्या बाया होत्या, शेजारपाजारचे होते, चांदूर बाजारहून तुझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी लेकरं घेऊन आल्या होत्या. वाढता वाढता जो तो मला एकच सांगत होता, की मॅडमनी फार धीरानं सोसलं. हातात भाजीची बादली घेऊन मी मान हलवत होतो आणि आतून जळत होतो. कारण त्या सगळ्यांना ठाऊक होतं. तुमच्याकडे दूध घालणाऱ्या माणसालासुद्धा ठाऊक होतं, की मॅडम आठवड्यातून तीन दिवस सकाळी घरी नसतात, डायलिसिसला जातात. नऊ महिने तुझं रक्त मशिनीतून फिरत होतं. माहीत नव्हतं ते फक्त अकोल्यातल्या तुझ्या सख्ख्या भावाला.

लोक गेलेल्या माणसाबद्दल हात जोडून लिहितात. माझे हात अजून जुळत नाहीत.

आज दुकानात बसलोय. जठारपेठेत ऊन असं आहे की अकराच्या पुढे गिऱ्हाईक येत नाही. म्हणून वहीच्या मागच्या पानांवर हे लिहायला घेतलं. तू मराठी शिकवायचीस, म्हणून जमेल तेवढं शुद्ध लिहितोय. दुकानाची पाटी नवी केली तेव्हा मी ‘दुरूस्ती’ असं रंगवून घेतलं होतं. तू रिक्षातून उतरलीस, पाटीकडे पाहिलंस आणि घोटभर पाणीसुद्धा न पिता म्हणालीस, “दिग्या, ‘रु’ ऱ्हस्व आहे. पेंटरले बलाव.” मी म्हणालो, गिऱ्हाइकाला काय कळते. तू म्हणालीस, “मले कळते ना.” पेंटर परत आला. पाटी आजही शुद्ध आहे.

हे दुकानही तुझंच म्हणायचं. बारावीत मी आपटलो तेव्हा बाबांनी सरळ सांगितलं होतं, आता वावरात ये, शेती कर. तू तेव्हा नुकतीच नोकरीला लागली होतीस. तू बाबांशी भांडलीस, दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाहीस आणि तिसऱ्या दिवशी मला एसटीत बसवून अकोल्याला आणलंस. आयटीआयच्या फॉर्मच्या रांगेत मी उभा राहायला लाजत होतो, तर तू उभी राहिलीस. पोरांच्या रांगेत एकटी बाई. खिडकीतला माणूस म्हणाला, “मॅडम, हा ट्रेड मुलांचा आहे.” तू म्हणालीस, “मुलगा झाडाखाली बसला आहे. लाजून राहिला.” रेडिओ-टीव्हीचा ट्रेड मिळाला. त्यावर माझं लग्न झालं, घर झालं. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. भाऊ-बहिणीत कोण बोलून दाखवतं.

तुझी बदली चांदूर बाजारला झाली आणि तू अमरावतीहून रोजचं अपडाऊन सुरू केलंस, तेव्हा मी तुला तो निळा प्लेयर दिला. काडेपेटीहून थोडा मोठा. तुझ्याकडच्या कॅसेटी, त्यातली रेडिओवरून भरलेली भावगीतं, गावातल्या मंडळींची खंजिरीची भजनं, हे सगळं मी तीन रविवार बसून त्यात उतरवलं होतं. एसटीत खिडकीजवळ बसून, पदर कानावरून घेऊन तू ऐकायचीस. तेव्हा तो एकदा चार्ज केला की दहा-बारा तास चालायचा. तू आठवडाभर पुरवायचीस.

आपलं भांडण त्या चार्जिंगवरूनच. तू तो पूर्ण बंद पडेपर्यंत वाजवायचीस आणि मगच चार्जिंगला लावायचीस. मी शंभरदा सांगितलं, ताई, ही लिथियमची बॅटरी आहे, हिला पूर्ण उतरू द्यायचं नाही, थोडी शिल्लक असतानाच भरायची, आणि भरली की काढून ठेवायची. तू हसायचीस. “वॉकमनच्या वेळी तूच म्हणाला होतास, पूर्ण उतरल्याबिगर चार्ज करू नको, नाहीतर सेलले खोड लागते.” म्हणालो होतो. तेव्हाचे सेल वेगळे होते, निकेलचे, त्यांना ती खोड लागायची. पुढे बॅटऱ्या बदलल्या, नियम बदलला. मी नवा नियम सांगितला तरी तू पहिलाच धरून बसलीस. म्हणायचीस, “तुह्याच तोंडचं वाक्य आहे, मी कशी मोडू?” मला तेव्हा त्याची गंमत वाटायची.

अशा वापरानं त्याची बॅटरी दर दोन-तीन वर्षांनी जायची. मी बदलून द्यायचो. मागचं झाकण गोंदानं चिकटवलेलं असतं, ते गरम हवेनं सोडवायचं, लाल आणि काळी वायर काढायची, नवी बॅटरी कथलानं झाळून जोडायची. तू समोर स्टुलावर बसून बघायचीस. मग ते मॉडेल बंद झालं, बॅटऱ्या मिळेनात. मी नवा प्लेयर देतो म्हणालो, तर त्याचे सगळे टचचे नखरे तुला नको होते. फोनवर ऐक म्हणालो. “फोनवर गाण्याच्या मधात कोनाचा तरी फोन येते. शाळा येते, माही सोनल येते, तू येतोस. मले गाण्यात कोनी नाही पायजे.”

मागच्या वर्षी पोळा झाल्यावर तू दुकानात आलीस ते मला सकाळपासून आठवून राहिलं. एकटीच आलीस, न कळवता, सकाळच्या एसटीनं. तोंड सुजल्यासारखं होतं. मी हसलो. म्हणालो, “मास्तरीणबाई रिटायर झाल्या आन् जाड झाल्या.” तू म्हणालीस, “होय बापा, बसून खाणं सुरू आहे.” उकाड्यातून आलीस म्हणून मी समोरून उसाचा रस मागवला. तू ओठाला लावलास आणि गिलास खाली ठेवलास. मी दोनदा म्हणालो, पी ना. मग मला राग आला. “अमरावतीचा रस गोड असते काय?” असं काहीतरी टोचून बोललो. तुला दिवसाला मोजून पाणी प्यायची परवानगी होती, हे मला आता कळतं.

तू प्लेयर काढलास. “हा चाळीस मिनिटात बंद पडते. मले चार तास चालणारी बॅटरी टाकून दे.”

“चार तास काहून? आता तर अपडाऊनही नाही.”

“बसून राहावं लागते एका जागी.”

“कोठी?”

“भजनी मंडळात जाते ना सकाळी. तिथं.”

भजनी मंडळात बसून कोणी कानात गाणी घालून बसतं का? हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. माझ्यासमोर एक स्पीकर उघडा होता, दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी विचारलं नाही.

माझ्याकडे जुन्या मालातली एक बॅटरी होती, पाकीटबंद. तू म्हणालीस, “नवीच आहे की.” मी म्हणालो, पाकिटात पडून असली तरी बॅटरी म्हातारी होत असते, ताई. वापरा, नका वापरू. त्यात आपल्या अकोल्याचा उन्हाळा. ही चार-पाच उन्हाळे खाऊन बसली आहे, हिच्यात किती जीव उरला असेल सांगता येत नाही. तू म्हणालीस, असू दे. मी टाकून दिली. तू तीन वाजेपर्यंत बसलीस. काय काय बोलत होतीस. मी भिंग डोळ्याला लावून हं हं म्हणत होतो. मग तू उठलीस, माझ्या पाठीवर हात ठेवलास आणि म्हणालीस, “येते मंग. कामात आहेस.”

बॅटरीसाठी कोणी अमरावतीहून अकोल्याला येतं का? सोनलजवळ देता आली असती, पार्सल करता आली असती.

तीन दिवसांनी तुझा फोन आला. “दोन तासांनंतर बंद पडते रे.”

“दोन तास पुरत नाही काय तुले?”

“पुढचे दोन तास भिंतीकडे पाहत बसते.”

“कोनं शिक्षा केली काय?” असं म्हणून मी हसलो. तूही हसलीस. तू हसायला नको होतंस, ताई. तू त्या वेळी रडली असतीस, ओरडली असतीस, तर मी दुकानाचं शटर ओढून आलो असतो. तुझ्या हसण्यानं माझे सात महिने खाल्ले.

त्यानंतर मी बॅटरी शोधली हे खरं आहे. नागपूरच्या माणसाला सांगितलं, त्यानं दिवाळीच्या तोंडावर एक पाठवली, ती जाडीला जास्त होती, झाकण बसेना. ती घेऊन मी भाऊबीजेला आलो. तू म्हणालीस, “झाकण नाही बसलं तर बाहेर लटकव ना. रबर लावून देजो.” ते होण्यासारखं होतं. दोन वायरी बाहेर काढायच्या, मोठी बॅटरी पाठीला बांधायची, सहा तासही चालला असता. मी म्हणालो, “माह्या हातचं काम असं दिसलं तर लोक हसतीन.” तू म्हणालीस, “कोन पाहते? मले दिसण्याशी काय करायचं आहे.” मी ऐकलं नाही. बॅटरी परत खिशात घालून आणली. बरोबर मापाची मिळाली की टाकून देतो म्हणालो. इज्जत कोणाची वाचवत होतो, कोण जाणे.

त्याच दिवशी ओवाळताना तुझी बाही वर सरकली. तू कधी घालत नव्हतीस तसा लांब बाह्यांचा ब्लाऊज होता. मनगटाच्या वर शीर दोरखंडासारखी फुगली होती. मी म्हणालो, “हे काय ओ?” तू ताट तसंच फिरवत म्हणालीस, “इंजेक्शन घेतलं होतं. शीर फुगली.” भाऊजी उठून आत गेले. सोनल पाण्याच्या बहाण्यानं गेली. सगळं घर माझ्यापुढे उठून आत जात होतं आणि मी पेढा खात होतो.

तू गेलीस त्या दिवशी सकाळी दहाला सोनलचा फोन आला. “मामा, आईले ॲडमिट केलं आहे. तुमी या.” काय झालं विचारलं तर तिनं फोन ठेवला. मी एसटी पकडली. मूर्तिजापूरच्या पुढे तिचा दुसरा फोन आला. तेव्हा बोलायचं काही राहिलं नव्हतं.

दवाखान्यात पोहोचलो तर भाऊजी बाकड्यावर बसलेले. मी म्हणालो, हार्टचं होतं काय? तेवढ्यात एक सिस्टर जिना उतरून आली. डायलिसिसला मशीन लावणारी, तिशीतली बाई, डोळे लाल. तिनं मला विचारलं, “तुमीच काय ते अकोल्याचे भाऊ? मॅडम सांगत होत्या, माझा भाऊ बॅटरी बनवून आणणार आहे. त्याच्या हाताले लय गुण आहे म्हणे.”

मला काही समजेना. कोणत्या बॅटरीचं ही सांगते, इथं का सांगते. मग तीच बोलत राहिली. चार तासांचं डायलिसिस. पहिले दोन तास मॅडम डोळे मिटून गाणी ऐकायच्या. मग प्लेयर बंद पडला की कानातलं काढून, वायर नीट गुंडाळून उशाशी ठेवायच्या. खरा त्रास शेवटच्या तासात व्हायचा, पायात गोळे यायचे. “त्या टायमाले गाणं असतं तर ध्यान दुसरीकडे लागलं असतं जरा. मग आमच्या फळ्यावरचे शब्द दुरुस्त करायच्या, पडल्या पडल्या.” ती हे सांगताना थोडी हसली.

ताई, त्या सिस्टरला तू माझ्याबद्दल चांगलं सांगत होतीस.

संध्याकाळी तुला पोचवून आल्यावर मी भाऊजींना गाठलं. ओरडलोच. “काहून नाही सांगितलं मले? मी काय मेलो होतो?” भाऊजी म्हणाले, “तिनं शपथ घातली होती.” मी म्हणालो, शपथेचं काय घेऊन बसले, माणूस चाललं होतं. त्यांना स्वतःला साखर आहे, त्यांची किडनी चालत नव्हती. सोनल द्यायला तयार होती, तिला तू शिवूही दिलं नाहीस, तिचं लेकरू दीड वर्षाचं आहे म्हणून. राहिला कोण? मी राहिलो. डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, भाऊ-बहीण कोणी आहे का.

तिसऱ्या दिवशी सोनल एकटी अंगणात भांडी घासत होती. मी जवळ जाऊन बसलो. म्हणालो, “पोरी, तू तरी सांगायचं.” तिनं हात थांबवले नाहीत. म्हणाली, “मामा, आई आली होती ना तुमच्याकडे सांगाले.”

“कवा?”

“पोळ्यानंतर. मुद्दाम आली होती. मी म्हटलं, संग येतो, तर नाही म्हणे. मी आन् दिगू आमचं आमी बोलतो म्हणे.”

“मंग? काही बोलली नाही ना ती.”

सोनलनं तेव्हा माझ्याकडे पाहिलं. “आईनं तुमाले विचारलं होतं. शाळेतल्या एका बाईले तिच्या भावानं किडनी देली, असं सांगितलं होतं. तुमी काय म्हणाले, आठवते?”

मला आठवेना. खरंच आठवेना. सोनलनंच सांगितलं, तुझ्याच आवाजात, तू घरी येऊन हसत हसत सांगितलंस तसं. मी म्हणालो होतो, “येडाच आहे तो. चांगल्या सेटमधली बॅटरी काढून बिघडलेल्यात टाकली की दोन सेट बिघडतात.”

मग आठवलं. भिंग डोळ्याला होतं, स्पीकर उघडा होता, समोरची गिऱ्हाइकं हसली होती. गिऱ्हाइकं हसली की मला बरं वाटतं. तू पण हसली होतीस. त्यानंतर थोड्याच वेळानं तू उठलीस आणि माझ्या पाठीवर हात ठेवलास.

मी काय बोललो ते बोललो. त्याची माफी मी मागतो, मागत राहीन. पण मला तुझ्याशी भांडायचं आहे, आणि तू ऐकायला नाहीस म्हणून हे भांडण असंच कुजत राहणार आहे. तू ती शाळेतली खोटी बाई कशाला पुढे केलीस? तीस वर्षं पेपर काढलेस तू. परीक्षा आहे एवढं तरी पोराला सांगतात ना? “दिग्या, मले किडनी पायजे,” इतकं सरळ म्हणाली असतीस. माझ्यासाठी पोरांच्या रांगेत उभी राहताना लाजली नाहीस, आणि स्वतःसाठी मागताना लाजलीस. एका फालतू बोलण्यावरून माझा निकाल लावलास आणि तो मला कळवलाही नाहीस. त्यानंतर सात महिने फोनवर विचारत होतीस, जेवला काय, पोरं कशी आहेत, पाऊस झाला काय. प्रत्येक रविवारी. आणि मी सांगत होतो, झाला, झाला.

मला ‘नाही’ म्हणायची संधीसुद्धा तू दिली नाहीस. ‘नाही’ म्हणालो असतो तर मी नालायक ठरलो असतो, पण माझं मला कळलं असतं.

तिसऱ्या दिवशीच सोनलनं तुझा प्लेयर माझ्याकडे दिला. म्हणाली, बघा काही होत असेल तर. मी अकोल्याला परत आलो. घरी सुरेखाला सगळं सांगितलं. तुला माझी बायको माहीत आहे, मनानं वाईट नाही. तुझ्यासाठी ती खूप रडली. रडून झाल्यावर डोळे पुसत म्हणाली, “एक गोष्ट बरी झाली. ताईंनी तुमाले विचारलं नाही.”

मला तिचा राग यायला हवा होता. मी रागाची वाट पाहत बसलो. आला नाही. उलट छातीवरचं काहीतरी हललं, मोकळं झाल्यासारखं. त्या क्षणाची मला इतकी किळस आली, की मी जेवण सोडून उठलो. सुरेखाला वाटलं, तुझी आठवण आली.

दुसऱ्या दिवशी दुकानात प्लेयर उघडला. मी टाकलेली बॅटरी फुगून उशी झाली होती, झाकणाला आतून दाबत होती. अजून एक उन्हाळा काढला असता तर फुटलीही असती. ती काढली. दोन वायरी बाहेर घेतल्या, भाऊबीजेला परत आणलेली ती जाड बॅटरी पाठीला लावली, काळी टेप गुंडाळली. घड्याळ लावून पाहिलं. वीस मिनिटांचं काम. मग तो काउंटरवर ठेवून वाजवत सोडला. दुपार गेली, चार तास झाले, पाच झाले, दिवस कलला तरी तो वाजतच होता. गिऱ्हाइकानं विचारलं, “काय भाऊ, आज गाणे लावून बसले?” मी म्हणालो, टेस्टिंग आहे.

तेरवीला तो बरोबर घेऊन आलो. जेवणं झाली, भांडी झाली. पाचच्या एसटीला सोनल मला सोडायला स्टँडवर आली. लेकरू तिच्या खांद्यावर झोपलं होतं. मी प्लेयर तिच्या हातात दिला. तिनं टेपवरून बोट फिरवलं, कानाला लावला नाही, तसाच पर्समध्ये टाकला.

“किती चालते आता?”

“सहा तास.”

अकोल्याची गाडी फलाटाला लागत होती, माणसं दाराशी गोळा होत होती. मग ती म्हणाली, “मामा, एक विचारू? आई नाही म्हणून विचारून राहिले. आईनं त्या दिवशी सरळ विचारलं असतं तर तुमी देली असती काय?”

ताई, मी तोंड उघडलं. ‘हो’ एवढाच शब्द आहे. तुझ्या पोरीपुढे, तुझ्या तेरवीच्या दिवशी, तो म्हणायला काहीच लागत नव्हतं. पण त्याच क्षणी मला सुरेखा दिसली, दुकान दिसलं, पोटावरचे टाके दिसले, पोरीचं व्हायचं लग्न दिसलं. मी शब्द शोधत नव्हतो. मी हिशोब करत होतो. किती वेळ गेला कोण जाणे. पाच सेकंद असतील.

सोनलनं लेकरू एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं. “जाऊ द्या मामा. चढा, जागा जाईन.”

मी चढलो. खिडकीजवळची जागा मिळाली. ती वळून गेली, तिनं मागे पाहिलं नाही. बडनेऱ्याच्या पुढे गेल्यावर मी मोठ्यानं ‘हो’ म्हणालो. शेजारचा माणूस म्हणाला, “काय भाऊ, मले म्हणाले काय?”

तेव्हापासून मी ‘हो’च म्हणतो आहे. आंघोळ करताना म्हणतो, शटर उचलताना म्हणतो. आज सकाळी सोनलला फोन लावून म्हणणार होतो, नंबरही लावला, रिंग जायच्या आत कापला. कारण आता काही द्यावं लागणार नाही, म्हणून हा ‘हो’ इतका सहज येतो आहे का, ते मला ठरवता येत नाही. तू विचारलं असतंस, तर माझं उत्तर काय होतं ते निदान एका माणसाला ठाऊक असतं.

तुझा,
दिगू